‘बाबा’ म्हणजे म्हातारी : एका पोलिश शब्दाची पार्श्वभूमी

मराठी कानाला पोलिश ‘बाबा’ हमखास फसवतो. आपल्याकडे बाबा म्हणजे वडील. तिकडे ती बाई, मुळात म्हातारी. आजीला लाडाने ‘बाब्चा’ म्हणतात. नुसतं ‘बाबा’ म्हटलं तर ते गावंढळ, बरेचदा तुच्छतेचं. भित्र्या पुरुषालाही ‘बाबा’ म्हणूनच हिणवतात. नको असलेलं माणूस निघून गेलं की ‘बाबा गाडीतून उतरली, घोड्यांना तेवढंच हलकं’ ही म्हण आजही सर्रास तोंडी येते.

‘बाब्का’ म्हणजे सुईणसुद्धा. डॉक्टर नसलेल्या गावात बाळंतपण तिच्याच हाती असे. बाळ जगेलसं दिसत नसेल, तर पाद्र्याची वाट न पाहता पाणी ओतून बाप्तिस्मा देण्याची मुभा चर्चने तिला दिली होती. त्याचे शब्द तिला नीट पाठ आहेत ना, हे पाद्र्याला बघावं लागे, कारण शब्द चुकले तर संस्कारच बाद.

जखमेवर पान चुरडून बांधतात त्या रानटी रोपाचं नावही ‘बाब्का’. आपला इसबगोल याच कुळातला, म्हणून पोलिशमध्ये तोही बाब्काच. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उबदार दिवसांत कोळ्याची पिल्लं हवेत तरंगायला सोडतात ते पांढरे धागे म्हणजे ‘बाब्ये लातो’, म्हातारीचा उन्हाळा.

ईस्टरच्या टेबलावरची ‘बाबा’ किंवा ‘बाब्का’ म्हणजे यीस्टचा उंच केक. उभ्या चुण्यांच्या साच्यातून तो घेरदार घागऱ्यातल्या बाईसारखा बाहेर येतो. नावामागचं हेच कारण बहुतेकजण देतात. जुन्या जमीनदारी घरांत बलक डझनांनी लागत. आजचं घरगुती माप असं: अर्धा किलो मैदा, पाव लिटर कोमट दूध, 40 ग्रॅम ताजं यीस्ट, 6 बलक, साखर आणि लोणी प्रत्येकी 120 ग्रॅम. आधी यीस्ट, थोडं दूध, चमचाभर साखर आणि मूठभर मैदा कालवून 15 मिनिटं फसफसू द्यायचं, मग बाकीचं घालून मळायचं. लोणी वितळवून, कोमट करून, सगळ्यांत शेवटी. ते आधी गेलं की यीस्ट मंदावतं. तासाभराने निम्मा साचा भरायचा, पीठ जवळजवळ काठापर्यंत आलं की 180 अंशांवर सुमारे 40 मिनिटं भाजायचं. बिघडतं तेव्हा तळाशी कच्चट, चिकट पट्टा राहतो. त्याला ‘झाकालेत्स’ म्हणतात, आणि पोलिश गृहिणीला यापेक्षा मोठी नामुष्की नाही. पीठ पुरतं फुगलेलं नसतं, दूध फार गरम असल्याने यीस्ट मेलेलं असतं, नाहीतर भट्टीचं दार लवकर उघडलेलं असतं. पूर्वी पीठ फुगत असताना स्वयंपाकघराची दारं लावून घेत, पुरुषांना मज्जाव असे, आणि भाजलेला केक पिसांच्या उशीवर आडवा ठेवून हलक्या हाताने फिरवत निववत. पुरुषांचं सोडा, पण वाऱ्याच्या झुळकीने आणि धक्क्याने केक बसतो हे खरंच.

लोककथेतली बाबा यागा कोंबडीच्या पायावर उभ्या झोपडीत राहते. म्हणून म्हातारी म्हणजे चेटकीण असं समीकरण मांडलं जातं, पण चेटकाच्या खटल्यांची कागदपत्रं त्याला फारशी साथ देत नाहीत. आरोप बहुधा दूध ‘चोरल्याचा’, गाय आटवल्याचा. आणि आरोपींत संसारी शेतकरीणही असे, तरुण मोलकरीणही. दोरुखूव्ह गावात 1775 साली 14 जणींना जाळल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे, पण ती 1835 साली छापलेल्या वृत्तांतावर उभी आहे, आणि इतिहासकार तिचं साल आणि आकडा दोन्ही मानायला तयार नाहीत. पक्कं आहे ते 1776 चं: त्या वर्षी सेय्मने, म्हणजे पोलिश संसदेने, चौकशीतला छळ आणि चेटकासाठीची देहांताची शिक्षा दोन्ही रद्द केल्या.

पूर्वेच्या पोद्लाश्ये भागात, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती गावांमध्ये, कुजबुजत प्रार्थना करून दुखणी उतरवणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत. बाहेरचे त्यांना ‘शेप्तूखा’, म्हणजे कुजबुजणारी, म्हणतात. गावात ती नुसती ‘बाब्का’. धावरं, म्हणजे त्वचा लाल होऊन सुजण्याचं दुखणं, झालेल्याच्या डोक्यावर ती कापड टाकते आणि जवसाच्या तंतूंच्या हलक्या गोळ्या पेटवते. त्या भपकन जळून वर उडतात. धावरं हा जिवाणूंचा संसर्ग, त्याला प्रतिजैविकच लागतं. दवाखाना लांबवला तर संसर्ग रक्तात भिनू शकतो. तिची फी ठरलेली नसते. निघताना लोक टेबलावर जमेल ते ठेवतात.