बोलण्याचा उपचार आरोग्य केंद्रात कसा पोचला

डोकं जड, अंग ठणकतं, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. केसपेपर हातात धरून हे सांगणारी माणसं गोव्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रांगेत भेटतात. गोळ्या घेऊन घरी जातात आणि पंधरवड्याने पुन्हा त्याच रांगेत दिसतात. त्यांतल्या काहींचं खरं दुखणं नैराश्याचं असतं. मनोविकारतज्ज्ञाकडे जा म्हटलं, तर 'मी काय वेडा झालोय?' हे उत्तर ठरलेलं.

बोलून बरं करण्याची कल्पना ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ साली व्हिएन्नात मांडली, तेव्हा ती अशा माणसांसाठी नव्हतीच. आठवड्यातून पाच-सहा वेळा तासभर कोचावर पडून बोलायचं, तेही महिनोन्महिने. हे परवडायला पैसा हवा आणि सवडही. आपल्याकडे ही विद्या लवकर आली. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२मध्ये कलकत्त्यात मनोविश्लेषकांची संस्था काढली, पण जिल्ह्याच्या गावापर्यंत तिचं वारंही पोचलं नाही.

पुढचे बदल अमेरिकेत झाले. अल्बर्ट एलिस यांनी १९५५मध्ये मनोविश्लेषण सोडून रुग्णाच्या आजच्या विचारांनाच हात घातला. मग फिलाडेल्फियात आरन बेक यांनी नैराश्यासाठी नेमक्या बैठकींची उपचारपद्धत बसवली. तरी ती शिकायला वर्षं लागत.

कलाटणी मिळाली ती १९९६मध्ये. नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी बेकच्या पद्धतीचे भाग सुटे करून तपासले. विचार बदलण्याचं काम बाजूला ठेवून नुसती कृती वाढवली तरी नैराश्य जवळपास तितकंच उतरतं, असं त्यांना दिसलं. माझ्या मते या साऱ्या इतिहासात सर्वांत कमी गाजलेला आणि सर्वांत उपयोगी ठरलेला निष्कर्ष हाच.

मन खचलं की माणूस बाजार, शेजार, भजन एकेक सोडत जातो. सोडल्यामुळे आनंदाचे प्रसंग घटतात आणि मन आणखी खचतं. उपचार हा फेरा उलटा फिरवतो. उद्या सकाळी मावशीकडे पायी जायचं, एवढंच ठरवायचं आणि जाऊन आल्यावर कसं वाटलं त्याची नोंद ठेवायची. मूड सुधारेपर्यंत वाट बघायची नाही. हे शिकवायला डॉक्टरेट लागत नाही.

गोव्यात हे जमवलं 'संगत' या संस्थेने. ती १९९६मध्ये उभी राहिली. संस्थापकांतले एक, डॉ. विक्रम पटेल, त्याआधी झिंबाब्वेत काम करून आले होते. तिथल्यासारखीच इथेही मनोविकारतज्ज्ञांची वानवा होती. मग संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांनाच समुपदेशक म्हणून तयार केलं. पहिल्या मोठ्या चाचणीचे निकाल २०१०मध्ये आले: सरकारी केंद्रांत फायदा दिसला, खासगी दवाखान्यांत फारसा नाही. ओळखीचा फॅमिली डॉक्टर आधीच दोन शब्द बोलतो, म्हणूनही असेल.

पुढची चाचणी तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर झाली. आधी गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न विचारायचे आणि २७ पैकी १४च्या वर गुण आले, तर सहा ते आठ बैठका. समुपदेशक बैठकींची ध्वनिमुद्रणं एकत्र ऐकून एकमेकांना गुण देत. तज्ज्ञ कमी असताना दर्जा टिकवायची ही युक्ती मला फार आवडते. तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, न मिळालेल्यांत ३९ टक्के. म्हणजे बैठका होऊनही तिघांतला एक बरा झाला नव्हता. आत्महत्येचे विचार किंवा स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल, तर तज्ज्ञाला पर्याय नाहीच.

हीच पद्धत नंतर मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यातल्या आशाताईंना शिकवण्यात आली. लसीकरण, बाळंतपणं, सर्वेक्षणं यांच्या वर हे आणखी एक काम. शिकवणं जमतं हे दिसलंय, पण त्यांच्या वेळेचे पैसे कोण देणार, हे अजून ठरायचं आहे.