आजारी असताना गैरहजेरीची नोटीस आलीय? ईएसआय असेल तर हे करा

पुण्याजवळ भोसरी, चाकणच्या कारखान्यांकडे हे सर्रास चालतं, माणूस टायफॉइडने घरी पडलेला आणि कंपनीचं पत्र येतं की 'विनापरवाना गैरहजर, 48 तासांत खुलासा द्या'. घाबरून राजीनामा लिहून देऊ नका, एचआरवाले गोड बोलून तोच मागतात.

आधी तुम्ही ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, बसता का बघा. पगार महिना 21,000 पर्यंत (दिव्यांगांना 25,000) आणि सहा महिन्यांच्या टप्प्यात निदान 78 दिवसांचं योगदान भरलेलं पाहिजे, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबरचं भरलं तर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये आजारपणाचा लाभ मिळतो, पगाराच्या 70 टक्के, वर्षाला 91 दिवसांपर्यंत.

आता खरी गोम. जुन्या ईएसआय कायदा 1948 च्या कलम 73 प्रमाणे सर्टिफाइड आजारपणात (म्हणजे डॉक्टरचं रीतसर सर्टिफिकेट असलेल्या) कामावरून काढणं किंवा शिक्षा करणं चालत नव्हतं. पण सुप्रीम कोर्टाने फार पूर्वी बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या केसमध्ये सांगितलं की न कळवता गैरहजर राहिल्यामुळे स्टँडिंग ऑर्डरप्रमाणे (कंपनीचे नोकरीचे लेखी नियम) नोकरी आपोआप गेली तर हे कलम वाचवत नाही. म्हणजे कागद कंपनीच्या हातात पोचला का, सगळं त्यावर. सुपरवायझरला फोन केला होता, हे कोणी ऐकून घेत नाही.

म्हणून खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर भागवू नका, ईएसआय दवाखान्याचंच सर्टिफिकेट घ्या, पहिलं, मधलं आणि शेवटचं फिटनेसचं, मध्ये एक दिवसही गॅप नको. प्रत्येकाची झेरॉक्स मेलने आणि स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपून ठेवा. नोटिशीचा खुलासा मुदतीत लेखी द्या, त्यात रागावून काही लिहू नका, फक्त तारखा.

तरी ऐकलं नाही तर अर्ज पुण्यात बिबवेवाडीच्या ईएसआय ऑफिसात द्या, सोबत ई-पहचान कार्ड (ईएसआयचं ओळखपत्र), सर्टिफिकेटं, नोटीस, खुलासा, पोस्टाच्या पावत्या, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अर्जात कलम टाकताना मात्र जरा थांबा, 21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या ईएसआय कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आलीय, कारवाई त्याआधीची असेल तरच जुनं 73 लिहा, नंतरची असेल तर आता काय लागू आहे ते वकिलाकडून किंवा युनियनकडून बघून घ्या.

कामावरूनच काढलं असेल तर महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखाली लेबर कोर्टात तक्रार होते, मुदत 90 दिवस. ईएसआयच्या उत्तराची वाट बघत हे दिवस घालवू नका, दोन्हीकडचं एकदमच सुरू करा.