संक्षेप-विस्तार (मजकूर-संपादकातील)

टंकलेला छोटा संकेत, शब्द संपताच, आधी ठरवून ठेवलेल्या पूर्ण मजकुरात बदलण्याची मजकूर-संपादकातील सोय. संकेतांची सारणी तयार करणे, ती फाइलमध्ये जतन करणे आणि तिची व्याप्ती ठरवणे यांचा तिच्या व्यवस्थापनात समावेश होतो.

या सोयीच्या उगमाकडे दोन प्रकारे पाहता येते. वॉल्टर फिलिप्स यांच्या १८७९ च्या संकेतसंग्रहाच्या आधारे अमेरिकेतील तारमास्तर बातम्या संक्षेपाने पाठवीत व घेणारा त्या पूर्ण शब्दांत उतरवून घेई. तिचे मूळ तेथे शोधता येते. मोडी कागदपत्रांतील आद्याक्षरी संक्षेपही याच मालिकेत बसवता येतील, परंतु तेथे विस्तार वाचकाने करावयाचा असे, तर संपादकातील संकेत वाचकापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून एमआयटी या अमेरिकन संस्थेतील ईमॅक्स (१९७६ च्या सुमारास) आणि बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात बिल जॉय यांनी रचलेला व्हीआय, या संपादकांपासून आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. व्हीआयची पद्धत पुढे विम या संपादकाने (१९९१) चालवली. ईमॅक्समध्ये सर्वत्र लागू होणारी आणि विशिष्ट लेखनप्रकारापुरती, अशा दोन्ही सारण्या ठेवता येतात.

संकेत स्वतः प्रचलित शब्द नसावा, हा निवडीचा मुख्य नियम होय. सोलापूर जिल्ह्यातील ११ तालुक्यांची नावे दस्तऐवजांत वारंवार टंकावी लागतात. तेथे सांगोल्यासाठी ‘सांग’, माळशिरससाठी ‘माळ’ किंवा मोहोळसाठी ‘मोह’ घेतल्यास साध्या वाक्यातही तालुका उमटेल. ‘सांगो’, ‘माशि’ हे संकेत निर्धोक आहेत. ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ’ यासारख्या दीर्घ नावांना तर ही सोय विशेष उपकारक ठरते.

मराठीत खरी अडचण विभक्तीची आहे. विस्तार सामान्यतः मोकळी जागा किंवा विरामचिन्ह आल्यावर होतो, प्रत्यय मात्र शब्दाला जोडून लिहावा लागतो. विममध्ये कंट्रोल आणि उजवा चौकटी कंस एकत्र दाबल्यास जागा न सोडता विस्तार होतो, त्यामुळे ‘सोलापूर’ला ‘हून’ किंवा ‘ला’ लगेच जोडता येतो. ‘सोलापुरात’ लिहिताना मात्र ‘पू’ ऱ्हस्व होत असल्याने त्या रूपासाठी वेगळा संकेत नोंदवणे इष्ट. ‘शेतकऱ्यांच्या’मधील ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या संगणकीय पद्धतीत) दोन प्रकारे साठवता येतो, आणि संकेतातच असे जोडाक्षर असेल तर पडद्यावर सारखा दिसणारा संकेतही सारणीतल्या नोंदीशी जुळत नाही. जुन्या फॉन्टपद्धतींत अक्षरांऐवजी त्यांचे दृश्य तुकडे साठवले जात, त्यामुळे त्या काळच्या सारण्या युनिकोडमध्ये जशाच्या तशा चालत नाहीत.

सोलापूर शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दूही वापरात असल्याने एकाच संगणकावर प्रत्येक भाषेची सारणी स्वतंत्र फाइलमध्ये ठेवणे सोयीचे असते.