हवेत उभी राहणारी प्यादी

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी मे महिन्यात दुपारी खिडक्या-दारं घट्ट लावून घेतात. कूलर सुरू, खोली अंधारी, आणि वरच्या झरोक्यातून तिरपा आलेला एकच कवडसा. अशाच एका दुपारी भाचीनं १९७७ चा पहिला ‘स्टार वॉर्स’ पाहिला आणि त्यातल्या एका खेळापाशी ती अडून बसली. यानातल्या गोल पटावर वीतभर उंचीचे राक्षस निव्वळ प्रकाशातून उभे राहतात, चालतात, एकमेकांना उचलून आपटतात.

“मामा, असं बुद्धिबळ बाजारात काहून नाही भेटत?”

आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकल्यापासून आमच्या घरातला पट आवरलाच जात नाही. त्यामुळे प्रश्न हौसेचा नव्हता, तिला तो खेळ खरोखर हवा होता.

पडद्यावरचे ते राक्षस म्हणजे बाहुल्या होत्या. फिल टिपेट आणि जॉन बर्ग यांनी त्या केसभर हलवायच्या, एक चित्र टिपायचं, पुन्हा केसभर हलवायच्या, असं करत तो डाव रंगवला. खऱ्या पटावर हे करायचं तर प्रकाशाला हवेत थांबवावं लागेल, आणि घोडं नेमकं तिथंच अडतं. प्रकाश नाकासमोर चालत राहतो. वाटेत कशावर तरी आपटून तो आपल्या डोळ्यांकडे वळला, तरच आपल्याला काही दिसतं.

मी तिला कवडसा दाखवला. तो दिसतो तो धुळीमुळे. मग लेझरचा टॉर्च भिंतीवर रोखला (हा कुणाच्याही डोळ्यांवर धरायचा नाही). भिंतीवर लाल ठिपका उमटला, मधल्या हवेत मात्र जवळजवळ काहीच नाही. वाटेत उदबत्ती धरली, आणि धुराच्या वेटोळ्यांतून लाल रेघ लखकन उजळली. धूर सरकला की रेघ तुटायची, परत आला की सांधायची. भाचीनं उदबत्ती माझ्या हातातून काढूनच घेतली.

प्रकाशाच्या विखुरण्यावरच्या कामासाठीच सी. व्ही. रमण यांना १९३० चं नोबेल मिळालं. १९१० च्या सुमारास वित्त खात्याच्या नोकरीत ते काही महिने नागपुरात होते. गांधीसागराजवळच्या विज्ञान केंद्राला त्यांचं नाव आहे, ते मला म्हणूनच फार जवळचं वाटतं.

‘होलोग्राम आहेत ना?’ असं पुष्कळजण विचारतात. होलोग्राम म्हणजे काचेवर किंवा फिल्मवर टिपलेलं त्रिमित चित्र. त्यात वस्तूची लांबी-रुंदीबरोबर खोलीही खरी दिसते, पण नजर त्या काचेच्या किंवा फिल्मच्या दिशेनं असावी लागते. पटाभोवती चौघं बसली आणि प्रत्येकाला राक्षसाची आपापली बाजू दिसली, हे एका काचेच्या तुकड्यानं होत नाही. त्यासाठी हवेतच काहीतरी ठेवायला हवं.

अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या डॅनियल स्मॉली यांनी तेच केलं. त्यांच्या डोक्यात ‘स्टार वॉर्स’मधलीच राजकन्येची हवेत तरंगणारी प्रतिमा होती. २०१८ मध्ये त्यांच्या गटानं सेल्युलोजचा एक सूक्ष्म कण लेझरच्या झोतात पकडला, तो भराभर फिरवला आणि त्यावर रंगीत प्रकाश टाकला. अंधारात उदबत्ती गरगर फिरवली की लाल कडं दिसतं ना, तसंच. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठानं हे काम आवाजावर सोपवलं. वर-खाली मिळून ५१२ छोटे स्पीकर, ४० किलोहर्ट्झचा, म्हणजे आपल्या कानांना न ऐकू येणारा ध्वनी, आणि त्याच्या लाटांमध्ये अडकलेला थर्मोकोलचा दोन मिलिमीटरचा मणी. या लाटेची लांबी साधारण साडेआठ मिलिमीटर भरते, म्हणून मणीही तेवढाच चिमुकला लागतो. त्याच ध्वनीतून बोटाला स्पर्शही जाणवेल, अशी सोय त्यांनी केली.

मग पूर्ण राक्षस का नाही? हिशेब करून पाहा. डोळ्याला अखंड चित्र दिसायचं तर सगळी आकृती सेकंदाच्या दहाव्या भागात रेखून व्हायला हवी. वीतभर राक्षसाच्या रेघा जोडून एक मीटर झाल्या असं धरलं, तर मण्याला सेकंदाला दहा मीटर पळावं लागेल. म्हणजे ताशी ३६ किलोमीटर, तेही शिंगं, नखं, कोपरे यांचं प्रत्येक तीव्र वळण घेत. प्रत्येक वळणावर मणी ध्वनीच्या पकडीतून निसटू पाहतो. आणि पटावर राक्षस एकटा नसतो.

‘ट्रॉन’ या चित्रपटातल्या, जागच्या जागी काटकोनात वळणाऱ्या मोटरसायकलींचं दुखणं हेच. ताशी १०० किलोमीटर वेगात सेकंदाच्या दहाव्या भागात काटकोन घेतला, तर चालकावर गुरुत्वाच्या सुमारे चाळीसपट जोर येईल. लढाऊ वैमानिक खास पोशाख घालून नऊपटीपर्यंत टिकतात. क्विडिच, म्हणजे हॅरी पॉटरच्या गोष्टींतला झाडूवर बसून उडत खेळायचा खेळ. तो खऱ्या मैदानात आणणाऱ्यांनी मात्र उडण्याचा नादच सोडला. २००५ मध्ये अमेरिकेतल्या मिडलबरी कॉलेजची मुलं पायांत झाडू धरून मैदानात धावू लागली. पंखांच्या सोनेरी चेंडूऐवजी पिवळ्या कपड्यातला एक पळणारा गडी, त्याच्या कमरेला खोचलेल्या मोज्यात टेनिसचा चेंडू. २०२२ पासून त्या खेळाला क्वाडबॉल म्हणतात.

भाचीला हा धावण्याचा तोडगा पटला नाही. तिला राक्षसच हवे आहेत. तिनं जुन्या खोक्यातल्या थर्मोकोलचा एक मणी खुडून तळहातावर ठेवला, कवडशात धरला. कूलरच्या झोतानं तो लगेच उडाला. ती उठली, कूलर बंद केला आणि दुसरा मणी खुडायला बसली.