ऑनलाइन कोर्स काही जण शेवटपर्यंत का नेतात?

हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्स या ऑनलाइन व्यासपीठावरील कोर्सेसची २०१२ ते २०१८ या काळातली आकडेवारी तपासली, तेव्हा नाव नोंदवणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोकांनी कोर्स एकदाही उघडला नव्हता असे दिसले. २०१७-१८ मध्ये कोर्स पूर्ण करणारे होते जेमतेम ३ टक्के. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत मात्र हे प्रमाण ४६ टक्क्यांच्या घरात होते.

टिकणारे का टिकतात, याचे एक चांगले उत्तर संशोधक अनोल भट्टाचार्जी यांनी २००१ मध्ये दिले. त्यांनी अभ्यासले होते ऑनलाइन बँकिंगचे ग्राहक, पण त्यांचे मॉडेल पुढे ई-लर्निंगच्या संशोधनातही खूप वापरले गेले. सुरुवात करताना मनात एक अपेक्षा असते. अनुभव तिला उतरला की समाधान वाटते आणि ‘याचा उपयोग होतोय’ हेही पटते. पुढे वापरत राहायचे की नाही हे या दोन्हींवर ठरते, त्यातही समाधानाचा वाटा मोठा. म्हणूनच फुगवून सांगितलेला कोर्स मुळात बरा असला तरी मुले तो सोडतात.

एनपीटेल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचा आठ आठवड्यांचा कोर्स पाहा. नोंदणी मोफत, परीक्षेला फी, आणि ती केंद्रावर जाऊनच द्यायची. दर आठवड्याला व्हिडिओ आणि मुदतीची असाइनमेंट. आठपैकी सर्वोत्तम सहा असाइनमेंटना २५ गुण, परीक्षेला ७५. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० हवेत. आजारपणात किंवा सबमिशनच्या धांदलीत दोन आठवडे हुकले तरी कोर्स हातचा जात नाही. मुलांना टिकवणारी ही फार मोलाची सोय आहे. उणीव अशी की बरोबर उत्तरे मुदत संपल्यावरच कळतात. तोवर पुढचा धडा आलेला असतो आणि मागची चूक तशीच राहते.

व्हिडिओची लांबीही आडवी येते. एडएक्सवरच्या ६९ लाख पाहण्यांच्या २०१४ मधल्या अभ्यासात, व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहण्याचा मध्यक वेळ सहा मिनिटांपुढे गेला नाही. वर्गातले तासाभराचे लेक्चर जसेच्या तसे चढवण्यापेक्षा त्याचे पाच-सहा मिनिटांचे तुकडे करावेत आणि प्रत्येकानंतर एक प्रश्न विचारावा.

पदवीत धरल्या जाणाऱ्या क्रेडिटसाठी कोर्स करणाऱ्यांची अपेक्षाच वेगळी असते. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम् या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरून करता येतात, पण कोणते कोर्स चालतील हे संस्था ठरवते. ती यादी नोंदणीपूर्वीच विभागातून मागून घ्यावी.