पुरस्कार सोहळ्यातील राजकीय मनोगत

चित्रपट, नाट्य वा लोककला यांसाठीचा पुरस्कार स्वीकारताना कलावंताने राज्यकर्ते, शासकीय धोरणे, युद्ध, जात, धर्म अशा सार्वजनिक प्रश्नांवर व्यासपीठावरून मत मांडणे, अशी या प्रथेची ढोबळ व्याख्या करता येईल. पुरस्कार नाकारणे, तो परत करणे किंवा सोहळ्याला गैरहजर राहणे ही तिचीच मुकी रूपे होत. असे बोलावे की नाही, हा वाद जगभर चालतो. प्रस्तुत नोंदीत त्याचा विचार मुख्यतः सोलापूर जिल्ह्याच्या अनुषंगाने केला आहे. शाहिरी, तमाशा, गिरणी कामगारांची चळवळ, हौशी रंगभूमी आणि अलीकडचा मराठी चित्रपट यांचे धागे या जिल्ह्यात एकमेकांत गुंतलेले आहेत.

संज्ञा आणि कार्यक्रमातील स्थान : मराठी समारंभांत पुरस्कारविजेत्याच्या बोलण्याला ‘मनोगत’ किंवा ‘सत्काराला उत्तर’ म्हणतात. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ-स्मृतिचिन्ह, सत्काराला उत्तर, प्रमुख पाहुण्यांचे भाषण, अध्यक्षीय समारोप, आभारप्रदर्शन हा क्रम बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. त्यात कलावंताचे बोलणे पाहुण्यांच्या आधी येते. त्याने काही टोचणारे म्हटले, तरी शेवटचा शब्द पाहुण्यांकडे राहतो आणि तो पाहुणा बहुधा आमदार, खासदार किंवा मंत्री असतो.

दूरचित्रवाणीवरील मराठी-हिंदी चित्रपट पुरस्कारांची घडण वेगळी आहे. ते बहुधा आधी चित्रित होऊन काही दिवसांनी प्रक्षेपित होतात. अवघड वाक्य संकलनात गळू शकते, आणि ते गळणार हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असते. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या सोहळ्यात तर मनोगताला जवळपास जागाच नाही. नाव पुकारले जाते, विजेता पुढे येऊन पदक व प्रशस्तिपत्र स्वीकारतो आणि परततो. बोलण्याची संधी सामान्यतः दादासाहेब फाळके पुरस्काराच्या मानकऱ्याला मिळते. त्यामुळे तेथील राजकीय भाष्य शब्दांपेक्षा उपस्थिती-अनुपस्थितीतून झाले. ३ मे २०१८ रोजी ६५व्या पुरस्कारांच्या वेळी राष्ट्रपती केवळ ११ पुरस्कार स्वहस्ते देणार आणि उरलेले केंद्रीय मंत्री देणार, असे ऐनवेळी कळल्यावर पन्नासहून अधिक विजेते सोहळ्याला गेले नाहीत, हे त्याचे ठळक उदाहरण.

उगमाचा प्रश्न : या प्रथेच्या उगमाविषयी दोन मते मांडता येतात. पहिल्या मतानुसार ही पाश्चात्त्य चाल आहे आणि ती दूरचित्रवाणीबरोबर आपल्याकडे आली. तिचा आरंभ म्हणून २७ मार्च १९७३ च्या ऑस्कर सोहळ्याकडे बोट दाखवले जाते. ‘द गॉडफादर’मधील भूमिकेसाठी मिळालेला पुरस्कार मार्लन ब्रँडो यांनी नाकारला आणि आपल्या वतीने आदिवासी हक्कांच्या कार्यकर्त्या सशीन लिटलफेदर यांना पाठवले. अमेरिकन चित्रपटांत आदिवासींचे होणारे विपर्यस्त चित्रण आणि त्या वेळी चालू असलेले वूंडेड नी येथील आदिवासींचे आंदोलन यांचा लिटलफेदर यांनी सुमारे एका मिनिटात उल्लेख केला. सभागृहात टाळ्या आणि हुर्यो दोन्ही झाले. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने या वागणुकीबद्दल लिटलफेदर यांची माफी मागितली ती २०२२ मध्ये, म्हणजे ४९ वर्षांनी. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या बहिणींनी त्यांच्या आदिवासी वंशाविषयी शंका घेतली, हेही नोंदवले पाहिजे. मात्र मंचावर मांडलेला मुद्दा त्याने खोटा ठरत नाही. १९७८ मध्ये अभिनेत्री व्हेनेसा रेडग्रेव्ह यांच्या राजकीय भाषणाला त्याच सोहळ्यात पटकथाकार पॅडी चायेफ्स्की यांनी उघड आक्षेप घेतला, तर २३ मार्च २००३ रोजी, इराकवरील आक्रमण सुरू होऊन जेमतेम तीन दिवस झाले असताना, चित्रपटकार मायकेल मूर यांनी अध्यक्ष बुश यांच्यावर थेट टीका केली.

तरीही १९७३ हे आरंभवर्ष मानणे केवळ सोयीचे आहे. पटकथाकार डडली निकोल्स यांनी १९३६ मध्येच ऑस्कर नाकारला होता. कारण होते लेखकांची संघटना आणि अकादमी यांच्यातील झगडा, म्हणजे निव्वळ कामगार-मालक स्वरूपाचा प्रश्न. गिरण्यांच्या सोलापुरात या प्रश्नाचे मर्म समजावून सांगावे लागत नाही.

दुसरे मत असे, की ही चाल देशीच आहे आणि तिचे मूळ तमाशातील बतावणीत आहे. गण, गवळण, बतावणी, वग या क्रमात बतावणीला संहितेचे बंधन कमी असते. सोंगाड्या गावच्या पाटलापासून दिल्लीच्या सरकारपर्यंत कुणालाही ओढतो, आणि समोर बसलेला पाटीलही हसतो. सोलापूरचे शाहीर राम जोशी यांचे नाव या परंपरेच्या संदर्भात घेतले जाते. त्यांचे जन्मवर्ष काही अभ्यासक १७५८, तर काही १७६२ देतात. निधन १८१२-१३ च्या सुमारास. उच्च वर्णात जन्मून आणि संस्कृतचे अध्ययन असूनही ते तमासगिरांत मिसळले, लावणी रचून गायले आणि पुढे कीर्तनाकडे वळले. फडावर उभे राहण्याची त्यांची निवड हीच आपल्या काळातील सामाजिक शिस्तीला दिलेली जाहीर हूल होती, असे म्हणायला जागा आहे.

या मतावर एक आक्षेप घ्यावा लागतो. बतावणीतला सोंगाड्या सोंगाच्या आडून बोलतो. पुरस्काराच्या ध्वनिक्षेपकावर माणूस स्वतःच्या नावाने बोलतो आणि परिणामही स्वतःच्या नावावर घेतो. शिवाय याच परंपरेत दौलतजादा (प्रेक्षकांनी खेळात उधळलेले पैसे) आहे, बिदागी आहे, देणाऱ्याचे नाव गाण्यात गुंफून त्याची वाहवा करणे आहे. पेशवाईतील पोवाड्यांत धन्याची स्तुती भरपूर सापडते. म्हणजे देशी परंपरा सत्तेला टोमणा मारायलाही शिकवते आणि देणाऱ्यापुढे झुकायलाही.

दोन्ही मते तपासता अधिक पटणारे असे वाटते, की मनोगताचा साचा बाहेरून आला, पण त्यात राजकारण ऐकण्याची मराठी श्रोत्याची तयारी येथल्याच मातीत झाली. शाहिराने सोंग उतरवून स्वतःच्या नावाने बोलायला सुरुवात केली ती विसाव्या शतकात, आणि तो दुवा सोलापूर जिल्ह्यातच सापडतो. अमर शेख (मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल) यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शी येथे झाला. गिरणीतील काम आणि कामगारांचे लढे यांतून ते घडले. १९४४ च्या सुमारास अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासह ते लाल बावटा कलापथकात उभे राहिले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा पहाडी आवाज गावोगाव पोहोचला. गाणे आणि भूमिका यांच्यात त्यांनी फट ठेवली नाही. २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ अपघातात त्यांचे निधन झाले. ‘कलावंताने राजकारणात पडू नये’ असे म्हणणाऱ्याला बार्शीच्या या माणसाचे काय करायचे, याचे उत्तर द्यावे लागेल.

मराठी व्यासपीठावरील पूर्वपीठिका : पहिल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळाले. त्याचे निर्माते-दिग्दर्शक प्र. के. अत्रे हे महाराष्ट्राच्या सर्वांत प्रभावी राजकीय वक्त्यांपैकी एक होते. त्यांना चित्रपट आणि सभा यांपैकी एकच निवडा, असे कुणी म्हटले नसावे.

तथापि मराठीत हा वाद खरा रंगला तो साहित्याच्या मंचावर, आणि तोही उलट्या बाजूने. कलावंताने राजकारण बोलावे का, यापेक्षा राजकारण्यांनी कलावंतांच्या व्यासपीठावर बसावे का, हा आपला जुना प्रश्न आहे. १९७५ मध्ये, आणीबाणीत, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण त्याच व्यासपीठावर होते. पु. ल. देशपांडे यांनी १९९६ चा पहिला महाराष्ट्र भूषण पुरस्कार स्वीकारताना तत्कालीन सत्ताधाऱ्यांच्या लोकशाहीविषयक वृत्तीबद्दल खंत व्यक्त केली, तेव्हा शिवसेनाप्रमुखांनी जाहीरपणे कठोर शब्दांत त्यांचा समाचार घेतला. पुरस्कार देणारे सरकार आणि टीकेचा विषय असलेले सरकार एकच असताना बोलण्याचा हा प्रसंग आजही दाखल्यासारखा सांगितला जातो. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईत प्रभाकर बरवे यांच्या चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनात सांस्कृतिक मंत्रालयाच्या निर्णयावर बोलणाऱ्या अमोल पालेकर यांना भाषणाच्या मध्येच वारंवार थांबवण्यात आले. ते पुरस्काराचे व्यासपीठ नव्हते, पण ‘विषयापुरते बोला’ ही सूचना तीच होती.

सोलापुरातील संदर्भ : महात्मा गांधींच्या अटकेनंतर मे १९३० मध्ये सोलापुरात झालेला उठाव आणि त्यापाठोपाठ १२ मे ते ३० जून असा लागू झालेला मार्शल लॉ सर्वज्ञात आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. यांपैकी कुर्बान हुसेन पत्रकार होते. शहरातील प्रमुख नाट्यगृहाचे नाव हुतात्मा स्मृती मंदिर आहे. नाटके, स्पर्धा, सत्कार, पुरस्कार वितरण तेथेच होते. शब्द आणि झेंडा यांपायी प्राण गेलेल्या माणसांच्या नावाच्या वास्तूत ‘येथे राजकारण नको’ असे म्हणताना थोडे थांबावे, असे प्रस्तुत लेखकास मनापासून वाटते.

येथील श्रोता मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी अशा भाषांत वाढलेला आहे. मनोगतातील एखादे वाक्य एका गल्लीत कौतुकाचे, तर दुसऱ्या गल्लीत दुखावणारे ठरू शकते. सूत्रसंचालकांच्या सावधपणामागे हेही कारण आहे.

अलीकडच्या चित्रपटात जिल्ह्याचे नाव नागराज मंजुळे (जेऊर, ता. करमाळा) आणि रिंकू राजगुरू (अकलूज) यांच्यामुळे सर्वतोमुखी झाले. मंजुळे यांना ‘पिस्तुल्या’, ‘फॅंड्री’ आणि ‘पावसाचा निबंध’ यांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला आणि ६३व्या राष्ट्रीय पुरस्कारांत रिंकू यांच्या अभिनयाचा विशेष उल्लेख झाला, तेव्हा त्या शाळकरी वयाच्या होत्या. या चित्रपटांच्या आधारे एक मत मांडले जाते : जातीविषयी जे सांगायचे ते पडद्यावर सांगून झाले आहे, मग मंचावर वेगळे सांगण्याची गरज काय? मत वजनदार आहे. पण ‘फॅंड्री’च्या शेवटी भिरकावलेला पडद्यावरचा दगड प्रेक्षकाच्या दिशेने येतो. मंचावरचे वाक्य शेजारच्या खुर्चीवरील पाहुण्यापर्यंत जाते. दोन्हींचा श्रोता एक नाही. सोलापुरात शालेय शिक्षण घेतलेले आणि ‘नाट्य आराधना’ या संस्थेच्या हौशी रंगभूमीतून पुढे आलेले, दोन राष्ट्रीय पुरस्कारांचे मानकरी अतुल कुलकर्णी सामाजिक प्रश्नांवर लेखनातूनही व्यक्त होत आले आहेत.

बोलण्याची किंमत : विरोधकांचे आक्षेप साधारणतः तीन आहेत : प्रसंगाचे औचित्य, अभिनेत्याचा अभ्यास आणि सहकाऱ्यांचे पोट. पहिले दोन नेहमी चर्चिले जातात. औचित्याचा आक्षेप पाहुण्यांच्या राजकीय भाषणाला क्वचितच लावला जातो, इतके नोंदवून पुढे जाता येईल. अभ्यासाचा आक्षेप रास्त आहे. ज्या प्रश्नाशी आपला संबंध आला आहे, त्यावर बोललेले ऐकणाऱ्याला पोहोचते.

तिसरा आक्षेप खरा जड आहे. मोठ्या नटालाही फटका बसतो : २००६ मध्ये नर्मदा विस्थापितांच्या बाजूने बोलल्यानंतर आमीर खान यांचा ‘फना’ गुजरातेतील बहुतेक चित्रपटगृहांत लागू शकला नाही, आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये एका पत्रकारिता पुरस्कार सोहळ्यातील त्यांच्या वक्तव्यावरून मोठे वादळ उठले. आणीबाणीत सरकारी कार्यक्रमाला नकार दिल्यावर किशोरकुमार यांची गाणी आकाशवाणी व दूरदर्शनवरून बंद झाली. तरीही नट सावरतो. लोककलावंताचे तसे नसते. तमाशाच्या फडाला यात्रा समितीची सुपारी (खेळाचे ठरवून दिलेले काम) लागते, खेळाला परवानगी लागते, रात्रीच्या वेळेची सवलत लागते. मोडनिंबच्या कला केंद्रातील नर्तकी असो किंवा अकलूजच्या लावणी स्पर्धेत उतरणारी पार्टी (लावणीचा संच), तिचा आश्रयदाता, परीक्षकांच्या शेजारी बसणारा मान्यवर आणि स्थानिक पुढारी ही माणसे बहुधा एकाच वर्तुळातली असतात. उतारवयात शासनाचे मासिक मानधन मिळवायचे, तर अर्ज जिल्हास्तरीय समितीपुढे जातो. अशा बाईने बक्षीस घेताना केवळ नमस्कार केला, तर तिला मत नाही असा अर्थ काढणे अन्यायाचे आहे. तिला बोलण्याचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) ने सोडवला आहे. बोलून झाल्यावर पुढच्या हंगामाची सुपारी कोण देणार, हा प्रश्न अनुच्छेदाने सुटत नाही. चर्चा नटांपुरती राहते आणि ही बाजू वगळली जाते, हा या विषयावरील लेखनाचा मोठा दोष आहे.

परतीचा मार्ग : ऑक्टोबर २०१५ मध्ये साहित्यिकांपाठोपाठ आनंद पटवर्धन, दिबाकर बॅनर्जी आदी चित्रपटकारांनी राष्ट्रीय पुरस्कार परत केले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील विद्यार्थ्यांचा संप ही त्याची एक पार्श्वभूमी होती. जुलै २०२३ मध्ये एका संसदीय स्थायी समितीने, साहित्य अकादमीसारख्या राष्ट्रीय अकादमींचे पुरस्कार देण्यापूर्वी ते परत न करण्याची हमी विजेत्याकडून लिहून घ्यावी, अशी शिफारस केली. हमी आधीच दिलेली असेल, तर परतीतून बोलण्याचा मार्ग बंद होतो. उरते ते मनोगत.

जिल्ह्यातील समारंभांत आता समोरच्या रांगांतून मोबाइलवर चित्रण होते. वाहिनीची कात्री तेथे चालत नाही. मात्र पंधरा मिनिटांच्या मनोगतातील वीस सेकंद वेगळे काढून तेवढेच गावोगाव फिरतात, आणि बोलणाऱ्याने आधी व नंतर काय म्हटले होते, ते सभागृहातल्या माणसांपुरतेच उरते.