बाळंतपणानंतरचा फुगवटा: हर्निया की फाकलेले स्नायू?

हर्निया काय असतो हे बहुतेकींना ठाऊक असतं. पोटाच्या भिंतीत एखादी जागा उघडते, आतली चरबी किंवा आतडं तिथून डोकावतं, खोकलं की गाठ फुगते, आडवं पडलं की बहुधा आत जाते. त्यावर जागा घालवत नाही. घोळ होतो तो बाळंतपणानंतर पोटाच्या मधोमध फुगवटा दिसला की. एकजण ठासून सांगते, "हर्नियाच तो, ऑपरेशन करावंच लागणार." दुसरी तितकंच ठासून म्हणते, "स्नायू फाकलेत गं, व्यायामाने जाईल." पोटाला हात दोघींनीही लावलेला नसतो.

स्नायू फाकण्याला डॉक्टर डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. पोटावर दोन उभे स्नायू असतात आणि मधे त्यांना जोडणारी एक चिवट पट्टी. गर्भाशय वाढतं तशी ती ताणून रुंद होते. दिवस भरत आलेल्या जवळपास प्रत्येकीत हे थोडंफार होतंच. बाळंतपणानंतर पहिल्या दोन महिन्यांत पुष्कळ भरून येतं, काहींत उरतं. साधारण 2 सेंटिमीटरहून जास्त अंतर उरलं की त्याला नाव देतात.

आता खरा फरक. कापड विरणं वेगळं आणि कापडाला भोक पडणं वेगळं. फाकलेल्या स्नायूंत पट्टी विरलेली असते, पण अखंड असते. हर्नियात तिला भोक असतं. उताणं झोपून, गुडघे दुमडून फक्त डोकं आणि खांदे उचलले की पट्टी विरलेली असल्यास मधोमध लांबट, उभा उंचवटा येतो. बोटं आत दबतात, पण कड कुठे लागत नाही. हर्निया गोल असतो, एकाच जागी: बेंबीत, तिच्या लगत किंवा जुन्या टाक्यांपाशी. पुष्कळदा भोकाची कड बोटाला कळते. पण दोन्ही एकाच पोटात सुखाने नांदू शकतात, म्हणून घरच्या चाचणीवर निकाल लावू नये. डॉक्टरांनी तपासावं, शंका राहिली तर सोनोग्राफी.

एवढा कीस काढायचं कारण असं, की विरलेल्या पट्टीत काही अडकत नाही. भोकात आतडं अडकू शकतं आणि त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. शिवाय व्यायामाने स्नायू बळकट होतात, फुगवटा कमी होऊ शकतो. भोक मात्र व्यायामाने शिवलं जात नाही. "अमुक व्यायामाने हर्निया बरा" असे व्हिडिओ बघितले की माझं डोकं फिरतं. तान्ह्या बाळाच्या बेंबीचा हर्निया पुष्कळदा आपोआप मिटतो, मोठ्या माणसाचा नाही. पोटपट्टा आधार देतो, इलाज करत नाही.

गरोदरपणात त्रास न देणाऱ्या हर्नियाचं ऑपरेशन सहसा बाळंतपणानंतर करतात. आणखी मूल हवं असेल तर तेही सर्जनला आधी सांगावं, कारण पुढच्या गरोदरपणात हर्निया परत येऊ शकतो. केवळ हर्निया आहे म्हणून सिझेरियन करावं लागत नाही. जांघेत नवी गाठ आली तर ती हर्नियाच असेल असंही नाही. त्या काळात तिथल्या शिराही फुगतात आणि बाळंतपणानंतर ओसरतात. डॉप्लर सोनोग्राफीत फरक कळतो.

"हर्निया पुरुषांचा आजार" हे ऐकून मात्र कान किटले. जांघेच्या घडीखाली, मांडीच्या वरच्या टोकाशी होणारा फीमोरल हर्निया पुरुषांपेक्षा बायकांतच जास्त आढळतो. गाठ छोटी, सहज नजरेतून सुटणारी, आणि अडकण्याचा धोका मोठा. तिथे "थांबून बघू" मला मान्य नाही, बहुतेक सर्जननाही नसतं.

गाठ कुठलीही असो, ती कडक झाली, आत जाईना, दुखणं वाढत गेलं, उलट्या सुरू झाल्या किंवा वारा सरेना, तर लगेच रुग्णालय गाठावं. गरोदर बाईच्या उलट्या "दिवस गेलेत, होणारच" म्हणून सोडून दिल्या जातात. तसं होऊ नये म्हणून गाठीचं दुखणं पहिल्याच वाक्यात सांगावं. आतडं अडकलं असेल तर ऑपरेशन गरोदरपणातही करतात, तिथे बाळंतपणाची वाट बघत नाहीत.